मॅनिफोल्ड फ्लॅप

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या शाखानळात, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, बसविलेल्या व एंजिनाच्या गतीनुसार मिटणाऱ्या किंवा उघडणाऱ्या पातळ पट्ट्यांना मॅनिफोल्ड फ्लॅप म्हणतात. हवेचे एकूण प्रमाण ठरविणारी मुख्य झडप वेगळी असते. फ्लॅपचे काम हवा कोणत्या वाटेने व कशी फिरत आत जाईल, हे ठरविण्याचे आहे. सामान्यतः सर्व फ्लॅप एका समाईक आसावर असतात आणि हा आस निर्वातावर चालणाऱ्या पडद्याने किंवा लहान विद्युत् चलित्राने फिरविला जातो. आसाची स्थिती दर्शविणारा संवेदक इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाला सतत माहिती पुरवितो.

अधिक शक्तीच्या मोटारगाड्यांचे हौशी मालक हे फ्लॅप घरच्या घरी काढून टाकतात. त्यामागे दोन कारणे दिली जातात : हवेच्या वाटेतील अडथळा जाऊन शक्ती वाढते आणि फ्लॅप तुटून एंजिन निकामी होण्याचा धोका टळतो. यांपैकी पहिले कारण बहुतेक एंजिनांच्या बाबतीत फारसे टिकत नाही; दुसरे मात्र काही विशिष्ट एंजिनांपुरते खरे आहे. हा भेद लक्षात न घेता केलेल्या कामात लाभाऐवजी हानीच पदरी पडते.

प्रकार व कार्य : फ्लॅपचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील फ्लॅप शाखेच्या मार्गाचा काही भाग बंद करून उरलेल्या भागातून हवा वेगाने व एका बाजूने सोडतात. डीझेल एंजिनात प्रत्येक सिलिंडराच्या दोन अंतर्ग्रहण मार्गांपैकी एक मिटला, की हवा सिलिंडराच्या अक्षाभोवती भोवऱ्यासारखी फिरू लागते. ठिणगीने पेटणाऱ्या व सिलिंडरातच पेट्रोल फवारणाऱ्या एंजिनात मार्गाचा खालचा अर्धा भाग मिटविला जातो. त्यामुळे आत येणारी हवा वरून खाली कोलांटी घेते. दोन्ही ठिकाणी हेतू एकच असतो. दट्ट्या सावकाश सरकत असताना आत येणाऱ्या हवेला स्वतःचा वेग थोडा असतो व इंधनाचे थेंब तिच्यात नीट मिसळत नाहीत. फ्लॅप हा उणा पडलेला वेग भरून काढतो. एंजिनाचे फेरे वाढले, की हवेचा वेग पुरेसा होतो आणि फ्लॅप पूर्ण उघडून बाजूला होतात.

दुसऱ्या प्रकारातील फ्लॅप नळाची परिणामी लांबी बदलतात. अंतर्ग्रहण झडप उघडताना नळात दाबाची लाट निर्माण होते व ती ध्वनीच्या वेगाने मागे जाऊन परत येते. ही लाट झडप मिटण्याच्या सुमारास परतली, तर सिलिंडरात काही हवा अधिक भरते. कमी फेऱ्यांना यासाठी लांब व अधिक फेऱ्यांना आखूड नळ लागतो. या प्रकारातील फ्लॅप काढल्यास नळ कायम एकाच लांबीचा राहतो आणि फेऱ्यांच्या कोणत्या तरी पट्ट्यात एंजिनाची ओढ निश्चित घटते. म्हणून पुढील विवेचन पहिल्या प्रकारापुरते आहे.

शक्तीचा प्रश्न : एंजिनाची कमाल शक्ती अधिक फेऱ्यांना मिळते आणि त्या वेळी फ्लॅप आधीच उघडे असतात. ते काढल्याने हवेच्या वाटेतून फक्त पट्टीची कड व आस एवढाच अडथळा दूर होतो. टर्बोभारित एंजिनात तर हवेचा दाब नियंत्रकाने ठरविलेल्या मूल्यावर राखला जात असल्याने हा फरक आणखी गौण ठरतो. याउलट कमी फेऱ्यांना मिश्रण नीट न झाल्यामुळे मंद चालीत एंजिन थरथरणे, ओढ कमी होणे, डीझेल गाडीचा धूर वाढणे हे परिणाम संभवतात. कल्याण–बदलापूर रस्त्यासारख्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत गाडीचा बहुतेक वेळ याच पट्ट्यात जातो. शर्यतीच्या धावपट्टीवरील अनुभव अशा रस्त्याला लागू पडत नाही.

कोकणच्या उष्ण हवेत थंड एंजिनासाठी असलेली योजना अनावश्यक आहे, असाही एक समज आढळतो. परंतु येथे ‘थंड’ याचा अर्थ कार्यकारी तापमानापेक्षा, म्हणजे सु. ९०° से. पेक्षा, बरेच खाली असलेले एंजिन असा आहे. सकाळच्या २५° से. तापमानात उभे असलेले एंजिनही या अर्थाने थंडच असते. शिवाय निष्कास वायू शुद्ध करणारा उत्प्रेरकी परिवर्तक सु. २५०° ते ३००° से. पर्यंत तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. सुरुवातीच्या या थोड्या अवधीत ज्वलन चांगले होणे, हाच प्रदूषण रोखण्याचा मुख्य उपाय असतो.

मोडतोडीचा धोका : बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या एम ४७ व एम ५७ या डीझेल एंजिनांच्या काही आवृत्त्यांत सततच्या कंपनाने धातूला शीण येऊन फ्लॅपचा आस तुटण्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या. सुटलेला तुकडा अंतर्ग्रहण झडपेवाटे सिलिंडरात जातो व दट्ट्या, झडपा आणि सिलिंडर-माथा यांची हानी करतो. तेथून निष्कास मार्गाने तो टर्बोच्या चक्रापर्यंतही पोहोचू शकतो. अशा एंजिनात फ्लॅप काढून त्या जागी ॲल्युमिनियमच्या बंद चकत्या बसविण्याची रीत रूढ झाली. काही रुपयांच्या तुकड्याने संपूर्ण एंजिन बदलण्याची पाळी येत असल्याने हा उपाय समर्थनीय मानला जातो.

सर्व एंजिनांची गोष्ट अशी नाही. महाराष्ट्रात शेंद्रे (छत्रपती संभाजीनगर) येथील कारखान्यात जोडणी झालेल्या स्कोडा मोटारींपैकी लॉरा आरएस (२०११) या गाडीत १.८ लिटरचे टर्बोभारित, थेट फवारणीचे पेट्रोल एंजिन होते. या एंजिन-कुळातील फ्लॅप प्लॅस्टिकचे आहेत. त्यांच्या बाबतीत नेहमीची तक्रार फ्लॅप तुटण्याची नसून त्यांची जोडदांडी झिजण्याची किंवा ते काजळीने जखडण्याची असते. थेट फवारणीत पेट्रोल अंतर्ग्रहण झडपेवरून वाहत नाही. त्यामुळे एंजिनातील तेलाच्या वाफेचा चिकट थर झडपांवर व फ्लॅपवर साचत जातो. आस ठरलेल्या स्थितीला न पोहोचल्यास पी २०१५ हा दोषसंकेत नोंदला जाऊन सूचक दिवा लागतो. अशा वेळी जोडदांडी बदलणे व काजळी काढणे एवढ्याने काम भागते; फ्लॅप काढण्याची गरज नसते.

काढण्याची कृती : फ्लॅप काढणे अपरिहार्य ठरल्यास एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. इंधनमार्गातील दाब उतरविणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी होय. थेट फवारणीच्या पेट्रोल एंजिनात हा दाब १०० बारच्या पुढे व आधुनिक डीझेल एंजिनात १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. एवढ्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून शरीरात शिरतो. निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच दाब उतरवावा. ती पुस्तिका व साधने नसल्यास हे काम घरी हाती घेऊ नये.

मॅनिफोल्ड उतरविताच सिलिंडर-माथ्यावरील उघडी तोंडे स्वच्छ कापडाने बंद करावीत. काढलेला प्रत्येक स्क्रू व पट्टी मोजून ठेवावी. एक स्क्रू जरी आत राहिला, तरी जो अपघात टाळावयाचा तोच ओढवतो. याच वेळी झडपांवरील काजळी काढता येते. त्यासाठी अक्रोडाच्या कवचाचा भरडा दाबाच्या हवेने मारण्याची पद्धत वापरतात. ज्या सिलिंडराची सफाई चालू असेल त्याच्या झडपा मिटलेल्या असणे तेव्हा आवश्यक असते.

आस काढल्यावर मॅनिफोल्डच्या भिंतीत राहिलेली छिद्रे हवाबंद करावी लागतात. अंबरनाथलगतच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीसारख्या भागातील लेथ असलेल्या लहान यंत्रशाळेत मापाच्या चकत्या करून घेता येतात. तथापि चकती आत पडू नये, अशी खाच किंवा कड तिला असलीच पाहिजे. केवळ गोंदाने चिकटविलेली चकती तेलाच्या वाफेत व उष्णतेत सुटते. जोडणी करताना जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. बोल्ट मध्यापासून दोन्ही टोकांकडे, टप्प्याटप्प्याने व पीळ मोजणाऱ्या पान्याने आवळावेत. आस फिरविणारे उपकरण व संवेदक यांची जोडणी शक्य तेथे कायम ठेवतात. अन्यथा नियंत्रक दोष नोंदवितो. नियंत्रकातील आज्ञावली बदलून हा दोषसंकेत दडपल्यास पुढे खरा बिघाडही दिसत नाही. शेवटी एंजिन मंद चालीवर ठेवून सांध्यांतून हवा शोषली जात नाही ना, हे तपासावे.

कायद्याची बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याने दिलेला तपशील बदलेल, असा फेरफार मालकास करता येत नाही. प्रमाणपत्रात फ्लॅपची नोंद नसते. परंतु वाहनाच्या नमुन्याला मिळालेली मान्यता मूळ रचनेवर केलेल्या उत्सर्जन-चाचण्यांच्या आधारे दिलेली असते. अशा चाचण्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यांसारख्या संस्था करतात. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना भारत स्टेज-६ ची मानके लागू आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे, कायद्याने परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रु. दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आनंदनगरसह अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या परिसरातील वाहनांची नोंदणी कल्याण येथील परिवहन कार्यालयात एमएच ०५ या क्रमांकाखाली होते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची चाचणी सर्वत्र सारखीच असून ती तापलेल्या एंजिनावर केली जाते. भारत स्टेज-४ व नंतरच्या पेट्रोल मोटारींत मंद चालीवर कार्बन मोनॉक्साइडाची मर्यादा ०.३ टक्का आहे. फ्लॅप काढलेली गाडी ही चाचणी सहज उत्तीर्ण होऊ शकते. कारण थंड एंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतील वाढीव उत्सर्जन तिच्यात मोजलेच जात नाही. म्हणून प्रमाणपत्र मिळाले, यावरून बदल निरुपद्रवी आहे असे सिद्ध होत नाही. वस्तीच्या अरुंद गल्लीत सकाळी गाडी सुरू होते, तेव्हा हा न मोजलेला धूर शेजाऱ्यांच्या घरांत शिरतो.

सारांश, ज्या एंजिनात फ्लॅप तुटण्याचा दोष सिद्ध झालेला आहे तेथे सुधारित रचनेचा नवा मॅनिफोल्ड बसविणे हा सर्वोत्तम व फ्लॅप काढणे हा दुय्यम उपाय होय. इतर एंजिनांत मात्र वेळच्या वेळी सफाई व झिजलेल्या भागांची बदली करणे अधिक किफायतशीर व सुरक्षित ठरते.