दोन विशेषणं आणि मधला स्वल्पविराम

मागच्या वेळी प्रश्न आला होता : इंग्रजीत दोन विशेषणांमध्ये स्वल्पविराम कधी द्यायचा? आम्ही स्वतः पीएचडीच्या प्रबंधात तो मीठ पेरल्यासारखा पेरला होता, त्यामुळे सांगताना जरा संकोचच वाटतो.

आता बघा. 'अ लाँग, टायरिंग जर्नी' इथे दोन्ही विशेषणं थेट प्रवासाचीच. मध्ये 'अँड' घाला, क्रम उलटा करा, काही बिघडत नाही, म्हणून स्वल्पविराम. 'अ स्मॉल वुडन बॉक्स'मध्ये मात्र 'स्मॉल' हे अख्ख्या लाकडी पेटीचं विशेषण. 'वुडन स्मॉल बॉक्स' कानालाच खटकतं, तेव्हा इथे स्वल्पविराम नाही.

पण कधीकधी दोन्ही चालतं, आणि अर्थ बदलतो. 'हिज सेकंड अनपब्लिश्ड नॉव्हेल' म्हटलं की त्याआधीही एक कादंबरी छापायची राहिलेली आहे. 'सेकंड'नंतर स्वल्पविराम द्या : कादंबरी त्याची दुसरीच, आणि ती अप्रकाशित, पहिली बहुधा छापून आली. म्हणजे बिचाऱ्या लेखकाच्या पदरात काय पडलं, हे त्या एवढ्याशा चिन्हावर!

आणि हो, शेवटचं विशेषण आणि नाम यांच्यामध्ये तो कधीच नको. आमच्या प्रबंधात तोही होता.