शिलकीवर धावणारा सर्व्हर

समजा, पेरणीच्या दिवसांत मंगरूळपीरच्या एखाद्या कृषी केंद्राची वेबसाइट सकाळी झटकन उघडते आणि दुपारी तेच पान अर्धा मिनिट खाते. पहिला संशय गावातल्या नेटवर जातो, दुसरा ‘सर्व्हर लांब मुंबईत आहे’ यावर. नेटचा संशय फिटायला दुसऱ्या गावाहून तेच पान उघडून पाहिले की पुरे. अंतराचा तर साधा हिशेब आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचे पाचेकशे किलोमीटर जाऊन येऊन पाच मिलिसेकंदांचे. केबलचे वळसे आणि वाटेतली यंत्रे धरून हा आकडा कितीतरी पट झाला, तरी अर्धा मिनिट होत नाही.

खरी मेख असते ‘एक सीपीयू घेतला, म्हणजे तो अष्टौप्रहर आपला’ या समजुतीत.

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले; समजा, ही वेबसाइट तिथल्या सर्व्हरवर आहे. त्यांच्या ‘टी२ मायक्रो’ या छोट्या सर्व्हरला सीपीयूचा हक्काचा वाटा फक्त १० टक्के. तासाला ६ क्रेडिट जमा होतात. एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण वेग. शिल्लक जास्तीत जास्त १४४. पूर्ण ताण पडला, की ही पुंजी पावणेतीन तासांच्या आत संपते आणि सर्व्हर पुन्हा १० टक्क्यांवर येतो. सकाळचा वेग दुपारी का हरवतो, ते इथे कळते. ‘टी३’ प्रकारात ‘अनलिमिटेड’ सोय मुळातच चालू असते. तिथे वेग पडत नाही, बिल वाढते.

‘बंद करून चालू केला, बरा झाला’ हा अनुभव खोटा नाही, निष्कर्ष चुकीचा आहे. टी२ मायक्रो पूर्ण थांबवून सुरू केला, की ३० क्रेडिट नव्याने मिळतात. म्हणजे अर्ध्या तासाची उसंत. दुखणे तसेच राहते.

‘रॅम भरली’ ही ओरडही अनेकदा फसवी असते. लिनक्स मोकळी रॅम फायलींच्या कॅशसाठी वापरतोच. ‘फ्री’ कमांडमधला ‘अव्हेलेबल’चा रकाना पाहावा. तोही तळाला गेला असेल आणि स्वॅपची ये-जा सतत चालू असेल, तर मात्र रॅम खरेच कमी आहे.

मोठा सर्व्हर घेण्याआधी ‘टॉप’ कमांडमधला ‘एसटी’ (स्टील, म्हणजे हवा असून न मिळालेला सीपीयूचा वेळ) हा आकडा आणि क्रेडिटचा आलेख पाहावा, मग डेटाबेसचा ‘स्लो क्वेरी लॉग’ चालू करावा. एका बियाण्याचा भाव दाखवायला प्रत्येक वेळी सगळा तक्ता वाचला जात असेल, तर एक इंडेक्स लावल्यावर तेच काम काही मिलिसेकंदांत होऊ शकते, आणि क्रेडिट दुपारपर्यंत टिकतात.