पांझरेचा फड आणि उत्तर युरोपचा कारभार

जेथें दहा माणसें एकत्र येऊन काम करतात, तेथें वरिष्ठानें हाताखालच्या माणसांशीं कसें वागावें हा प्रश्न उभा राहतोच. युरोपच्या उत्तरेस असलेल्या डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड व आइसलंड या पांच देशांनीं त्याचें जें उत्तर काढलें, त्याची आज जगभर वाखाणणी होते. तें उत्तर थोडक्यांत असें, कीं वरिष्ठाचा शब्द शेवटचा असावा, पण पहिला नसावा. आधीं काम करणारांचें ऐकावें, मग ठरवावें.

१९६७ सालीं स्वीडनच्या वैद्यकीय मंडळाचे नवे प्रमुख ब्रोर रेक्सेद यांनीं आपण सर्व कर्मचाऱ्यांना नांवानें हांक मारणार असें जाहीर केलें. पुढें एकेरी संबोधन त्या देशांत सर्वत्र रूढ झालें. आपल्याकडे ‘अहो’चें ‘अरे’ झालें तर अपमान मानतात. तेथें त्याचा अर्थ इतकाच, कीं वरिष्ठाची चूक दाखवितांना कनिष्ठाची जीभ अडखळूं नये.

हा गुण त्या लोकांच्या रक्तांतच आहे असें मात्र समजूं नये. १९३१ सालीं स्वीडनमधील ओडालेन येथें कामगारांच्या मोर्चावर लष्करानें गोळीबार केला व पांच माणसें प्राणांस मुकलीं. कलहाचीं अशीं कडू फळें चाखल्यावर २० डिसेंबर १९३८ रोजीं मालकांचा संघ व कामगारांचा संघ यांनीं साल्टशोबादेन येथें करार केला. तंटा पडल्यास प्रथम बोलणीं करावीं, हा त्याचा गाभा. १९७६ च्या कायद्यानें तर असें ठरविलें, कीं कामांत मोठा फेरबदल करण्यापूर्वीं मालकानें कामगारांच्या संघटनेशीं वाटाघाट केलीच पाहिजे. पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीच्या संचालक मंडळावर कामगारांना आपले प्रतिनिधी पाठवितां येतात. डेन्मार्कमध्यें १८८२ सालीं ह्येडिंग येथें सहकारी दुग्धशाळा निघाली व तिच्या मागोमाग शेंकडों निघाल्या. त्यांत नफा दुधाच्या प्रमाणांत वांटीत, पण मत माणशी एकच. दोन गाईंचा धनी आणि पन्नास गाईंचा धनी यांचा हात सभेंत सारख्याच वजनाचा.

हें ऐकून खानदेशांतील जुन्या शेतकऱ्याला पांझरेचा फड आठवावा. साक्री तालुक्यांत उगम पावून धुळ्यावरून तापीकडे जाणाऱ्या या नदीवर, तसेंच नाशिक जिल्ह्यांतील मोसम व आरम या नद्यांवर, फडपद्धति सुमारें तीनशें ते चारशें वर्षांपासून चालत आली. नदींत बंधारा, बंधाऱ्यापासून कालवा, कालव्यापासून चाऱ्या, चारीपासून शेतांत पाणी नेणारे सारंग, आणि जादा पाणी परत सोडणारें सांडम, अशी तिची रचना. गांवची भिजणारी जमीन बहुधा चार फडांत विभागलेली असे. एका फडांत एकच पीक. ऊंस कोणत्या फडांत, हंगामी पीक कोणत्यांत, आणि पाणी अपुरें असल्यास कोरडा फड कोणता, हें दरसालीं गांवकरी बसून ठरवीत. पिकांची पाळी बदलत गेल्यानें जमिनीचा कसहि टिके.

या व्यवस्थेंतील खरें शहाणपण पुढेंच आहे. शेताच्या मालकानें पाण्याला हात लावावयाचा नाहीं, असा दंडक होता. पाणी देणार तो पाटकरी. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, राखण जागल्याची, आणि सर्वांवर पंचांची नजर. पाटकऱ्याचा मेहनताना सर्व शेतकरी मिळून देत, म्हणून तो कोणा एकाचा चाकर नसे. फडांत पीक एकच असल्यामुळें कोणाला अधिक पाणी हवें, हा वादहि उरत नसे. नदी आटली तर तूट सर्वांनीं सोसावयाची.

डेन्मार्कची दुग्धशाळा आणि पांझरेचा पाट यांची कोणी गांठ घालून दिली नव्हती. तरीहि दोहोंचें मर्म एकच. नियम गरज पडण्यापूर्वीं सर्वांसमक्ष ठरलेला असावा. अंमल करणारा माणूस सर्वांचा असावा. आणि नुकसान वांटून घेण्याची तयारी असावी. विश्वास हा या तिहींचा परिणाम आहे, आरंभ नव्हे.

फडाला उणीवहि होती. पंचांत जागा जमीनधारकांची. ज्याला जमीन नाहीं अशा मजुराला तेथें शब्द नव्हता. स्वीडनचा कायदा कामगाराला खुर्ची देतो, ती फडानें दिली नाहीं. पुढें नद्यांवर वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि बरेच फड क्षीण झाले. ज्याच्या शेतांत स्वतःची मोटार आहे, त्याला बैठकीस जाण्याचें कारण उरलें नाहीं. जळगांव जिल्ह्यांतील रावेर व यावलच्या केळीच्या पट्ट्यांत विहीर ज्याची त्याची. कोणाला कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि जमिनींतील पाणी मात्र खोल खोल जात चाललें आहे. नदीचें पाणी डोळ्यांना दिसत होतें, म्हणून तें वांटून घेण्याची बुद्धि झाली. भुईखालचें दिसत नाहीं, म्हणून तें ज्याचें त्याचें वाटतें. वस्तुतः तेंहि एकाच मडक्यांतलें आहे.

तेव्हां उत्तरेकडील देशांचा कित्ता गिरवावयाचा, तर नुसतें नांवानें हांक मारून भागणार नाहीं. गिरणी असो, सहकारी सोसायटी असो, कीं शाळेची कार्यकारी समिति असो, तेथें तीनच प्रश्न विचारावे. नियम कोणीं मिळून केला? पाटकरी कोणाचा आहे? आणि पाणी कमी पडलें, तर कोरडा फड कोणाच्या वांट्याला येणार? या तिहींचीं उत्तरें उघडपणें देतां आलीं, तर त्या संस्थेचा कारभार चांगला आहे असें खुशाल समजावें.