गुडघेदुखी आणि ओढ्याकाठची निर्गुडी

वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू झाले की पुढची सतरंजी आमच्या माताभगिनींनी भरून जाते. गेल्या खेपेला मात्र पहिल्या रांगेतल्या एक मावशी चौथ्या दिवसापासून दिसेनात. चौकशीला गेलो तर म्हणाल्या, “मांडी घालून बसवत नाही रे बाबा, आन् एकटीनं खुर्ची मागायची लाज वाटती.” उभा जन्म बिगारीकामात डोक्यावर घमेली वाहिलेले ते गुडघे!

मावशींनी बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याची पुडी सुरू केली होती. चार दिवसांत जिना चढू लागल्या. महिन्याभरात तोंड सुजले, साखर वाढली. डॉक्टरांना पुडीत स्टिरॉइड असल्याची शंका आली. अशा बिननावाच्या पुड्यांत ते मिसळलेले तपासणीत सापडलेलेही आहे. फार दिवस घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांना दाखवूनच सोडावी.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, वैद्य नव्हे. पण ज्या निर्गुडीला आयुर्वेदाने वातावर मान दिला, ती ओढ्याकाठी, कुंपणाला फुकट उभी असते. एका देठाला तीन किंवा पाच पाने, पानाची खालची बाजू पांढुरकी, उग्र वास, निळसर जांभळी फुले. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून तिचे कुंपण करतात. धान्याला कीड लागू नये म्हणून आपल्या आया कणगीत हाच पाला घालीत.

मूठ-दोन मूठ पाला पाण्यात उकळून त्या पाण्याने फडक्याने शेकावे. किंवा पाने तव्यावर थोड्या तेलात गरम करून, सोसवेल इतकी निववून, रात्री गुडघ्यावर बांधावीत. मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर ऊब दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावी. भाजलेले कळत नाही. जखमेवर बांधू नये. काढा मनाने पिऊ नये, गरोदर बाईने तर नाहीच.

विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा एक स्वतंत्र खंधक आहे. पिलिंदवच्छ थेरांचे अंग वाताने धरले तेव्हा भगवान बुद्धांनी शेकाची अनुज्ञा दिली. त्याने भागले नाही म्हणून औषधी पाल्याचा शेक, पुढे गरम पाण्याच्या टाकीत बसणे. एक उपाय केला, पाहिला, पुरला नाही तर दुसरा. गंडादोरा तिथे नाही. निर्गुडीचे नावही नाही, आपण उगाच चिकटवू नये.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत या पानांच्या अर्काने सूज उतरलेली दिसली आहे. माणसांवरचे मोठे प्रयोग थोडे. झिजलेला सांधा पाल्याने भरून येत नाही, ठणका हलका होतो इतकेच. बोटांचे सांधे दोन्ही हातांना सुजत असतील, सकाळी तासभर आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे शेकत बसून वेळ घालवला तर बोटे वाकडी होतात. सरकारी दवाखाना गाठावा. गुडघा एकाएकी लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी.

मावशींची साखर आता आटोक्यात आहे, शेकही चालू आहे. निर्गुडीची फांदी पावसाळ्यात लावली की जगते. आम्ही दोन फांद्या विहाराच्या मागे लावल्या आहेत. आणि सतरंजीच्या कडेला सहा खुर्च्या मांडल्या आहेत, कुणी मागण्याआधीच.