परसाचा आराखडा पाणी आखतं

बंगल्यामागच्या जागेत हिरवळ कुठे, खडी कुठे आणि झाडं कुठे, हे कागदावर ठरवायची घाई करू नये. आधी एक पावसाळा नीट बघावा. पुण्या-साताऱ्याकडच्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, आणि जिथे पागोळ्या पडतात तिथे माती उडून भिंत बरबटते. खडीची पहिली हक्काची जागा तीच. तिथे मुरूम चोपून, भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार देऊन, वर दोन इंच खडी पसरावी. आपल्या काळ्या दगडाचीच घ्यावी. पांढरे गोटे एप्रिलच्या उन्हात डोळ्यांवर येतात आणि श्रावणात शेवाळतात. चिंच-गुलमोहराखाली मात्र खडी नकोच. त्यांची बारीक पानं फटींत कुजतात आणि तिथेच तण रुजतं.

हिरवळ बसण्या-खेळण्यापुरती पुरे. उन्हाळ्यात तिला रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं, तरी २० चौरस मीटरला १०० लिटर लागतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांनी हा हिशेब आधी करावा. शिवाय हरळीला भरपूर ऊन हवं. आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ होत जाते. तिथे नेचे आणि स्पायडर लिली लावून मोकळं व्हावं.

खरी कसोटी हिरवळ आणि खडी भेटतात त्या रेषेवर. हरळीचे धावते कोंब खडीत शिरले की उपटून हात दुखतात. म्हणून विटा उभ्या पुरून कड बांधावी, वरचा काठ मातीशी सपाट ठेवावा; गवत कापायच्या यंत्राचं चाक त्यावरून सहज जातं. ही एकच सलग, सावकाश वळणारी रेषा सगळ्या परसाला बांधून ठेवते.

रोपवाटिकेत दहा जातींचं एकेक रोप उचलावंसं वाटतं. त्यापेक्षा एकेका जागेला फार तर तीनच जाती घ्याव्यात आणि पुनःपुन्हा लावाव्यात. कोरड्या उन्हाच्या बाजूला गवती चहा, कोरफड, रेन लिली. न्हाणीच्या ओलीला कर्दळ. जागा पाहून झाडं निवडण्याचा दाखलाही आहे: इंग्लंडच्या एसेक्समध्ये बागतज्ज्ञ बेथ चॅटो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या लावायच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली. कोरड्यात तगणारी झाडं निवडल्यामुळे तिला वरून पाणी घालावं लागत नाही.

कामाचा क्रमही सांभाळावा. आधी उतार, मग कड, पहिल्या पावसानंतर झाडं आणि हरळी. खडी सगळ्यात शेवटी, नाहीतर लागवडीची माती तिच्यात मिसळते आणि ती धुऊन काढायला दुप्पट मजुरी पडते.