पापलेट पाटीत, मांदेली पातेल्यात

समुद्र ज्यांच्या दारात, त्यांच्या ताटात रोज पापलेट नाहीतर सुरमई असणारच, हा समज मुंबईकरांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात कोळीवाड्यात चांगल्या आकाराचं पापलेट म्हणजे रोकड. डिझेल, बर्फ, खलाशांचा हिशेब त्यातूनच सुटायचा असतो. म्हणून ते कोळणीच्या पाटीत जातं, नाहीतर थेट व्यापाऱ्याकडे. घरच्या पातेल्यात पडते मांदेली, ढोमी, ओले बोंबील किंवा संध्याकाळपर्यंत पाटीत उरलेलं काहीबाही. त्यात हळहळण्यासारखं काही नाही. ताज्या मांदेलीपुढे बर्फातलं पापलेट फिकंच लागतं. शिवाय काट्यांसकट चावून खाल्लेली बारीक मासळी कॅल्शियम देते ते वेगळंच.

कोळ्यांचं कालवण नारळाशिवाय होत नाही, असंही म्हणतात. तो थाट मालवणकडचा. मुंबईच्या कोळीवाड्यातलं आंबट, म्हणजे कालवणच, बहुधा चिंच, लसूण आणि कोळी मसाल्यावर भागतं.

सगळ्यात अन्याय होतो तो सुक्या मासळीवर. तिला गरिबाचं, नाइलाजाचं खाणं समजतात. नाइलाज आहे, पण तो खिशाचा कमी आणि ऋतूचा जास्त. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. उलट उधाणाच्या दिवसांत डोल जाळ्यात बोंबील ढिगाने येतो, आणि त्याच्या अंगात पाणीच ९० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तो टिकत नाही. म्हणून वर्सोवा, उत्तन, अर्नाळ्याला मासळी सुकवायच्या वलांड्या उभ्या राहतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, मीठबीठ काही लावायचं नाही. पाणी उडालं की वजनाच्या मानाने प्रथिनं कितीतरी पटींनी वाढतात. पावसाळ्यात हेच बोंबील वांग्या-बटाट्यात पडतात. सोड्यांना, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीला, तर गरिबाचं खाणं म्हणणाऱ्याने एकदा बाजारात त्यांचा भाव विचारावा.

आणि मासे रोज? मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत करणाऱ्या कोळी घरांत मासळी शिजत नाही. गिऱ्हाइकांच्या घरीही तेच, त्यामुळे त्या दिवशी बाजारही थंड. उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांकडे वेगळाच प्रकार: ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, मासे चालतात.