पिवळ्या मोझॅकचे गणित

धाराशिव जिल्ह्यातील कळंब-वाशीच्या काळ्या रानांत खरिपाच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आपला अंमल बसवितो, तेव्हा कोवळ्या पानांवर प्रथम पिवळे ठिपके उमटतात, मग त्यांचे चट्टे होतात, आणि शेंगा थोड्या व दाणे बारीक राहतात.

पांढऱ्या माशीवाटे पसरणाऱ्या या विषाणूचा सारा आनुवंशिक मजकूर प्रत्येकी सुमारे २,७०० अक्षरांच्या दोन वर्तुळाकार डीएनए-रेणूंत सामावलेला असतो. एवढ्या तुटपुंज्या भांडवलात डीएनए घडविणारे स्वतःचे विकरही त्याच्यापाशी नसल्याने, या कुळातील अनेक विषाणूंचे ‘रेप’ नामक प्रथिन पेशीविभाजनास लगाम घालणाऱ्या वनस्पतीच्या प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि विसावलेली पेशी पुन्हा डीएनए-निर्मितीस जुंपली जाते.

अशा प्रथिन-संयोगांचा तपास आता संगणक करू लागला आहे. अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची त्रिमित आकृती वर्तविणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’बद्दल डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्याच मार्गाने विषाणूचे कोणते प्रथिन पिकाच्या कोणत्या प्रथिनाशी कोठे जुळेल, याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. यीस्टच्या पेशीत आणि प्रत्यक्ष पानात त्याची शहानिशा व्हावीच लागते. परंतु हजारो संभाव्य जोड्यांतून तपासण्याजोग्या मोजक्या जोड्या निवडून मिळाल्या, तर प्रतिकारक्षम वाणाच्या शोधातील वर्षे वाचतील, आणि पावसाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला वर्षांची ही बचत फार मोलाची आहे.

तोवर रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करणे आणि पांढऱ्या माशीस आवर घालणे, हेच कर्तव्य होय.